दुसऱ्याच्या टेबलावर स्वतःची बाटली

अप्पा,

तेराव्याला तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. जहाजाच्या इंजिनरूममधली तुमची नोकरी, वाचनालयाला दिलेली कपाटं, आईंच्या आजारपणात तुम्ही त्यांचं सगळं कसं केलंत ते. धाकटे काका तर दोनदा उठून बोलले. पण देवरुखच्या घरात त्या दिवशी जमलेल्या एवढ्या माणसांपैकी एकानेही तुमच्या वाइनचं नाव काढलं नाही. मागच्या पडवीत काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, जाता-येता प्रत्येकाला दिसत होत्या. शेवटी चुलत जाऊबाईंनी त्यांच्यावर एक चादर टाकली आणि पुढे चहाच्या कपांचा ट्रे ठेवला.

मी रडले नाही, हेही सांगून टाकते. निखिल रडला. ईरा तर विमानात बसेपर्यंत रडत होती. मी जेवणाच्या पंगती बघितल्या, गुरुजींची यादी बघितली, परतीची तिकिटं बदलली. इथे जर्मनीत, नेकारसुल्मला परत येऊन आता तीन आठवडे झाले. निखिल कारखान्यात जातो, मी हाइलब्रॉनला ऑफिसला जाते, ईरा शाळेत जाते. आज रविवार आहे, दुकानं बंद, रस्ता शांत. तेराव्याला जे कोणी बोललं नाही ते मी लिहायला बसले आहे.

पहिल्या वेळी तुम्ही आलात ते आई गेल्यानंतरच्या वर्षी, ऑगस्टात. विमानतळावर मी तुमची बॅग उचलायला गेले तर तुम्ही म्हणालात, "जपून, आत जांभूळ आहे." मला वाटलं, जांभळं आणली. घरी आल्यावर स्वेटरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या निघाल्या. आई होत्या तोवर त्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. त्या गेल्यावर जूनमध्ये परसातल्या झाडाखाली जांभळांचा सडा पडला, तो वेचायला आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही वाइन करून पाहिलीत. एवढंच तुम्ही सांगितलंत. निखिल बाटल्यांकडे बघत राहिला. जर्मनीला निघताना त्याने आईंना शब्द दिला होता, पिणार नाही म्हणून, आणि त्याने तो पाळला आहे. त्याने बाटलीला हातही लावला नाही.

त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. आम्ही तुम्हाला आमच्या नेहमीच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेलो. ऑर्डर देऊन झाली आणि तुम्ही कापडी पिशवीतून बाटली काढून टेबलाच्या मधोमध ठेवलीत. वेट्रेसला तुम्ही तुमच्या जहाजी इंग्लिशमध्ये विचारलंत, "कॉर्केज हाउ मच?"

तिला कळलं नाही. ती मालकाला घेऊन आली. तो चांगला माणूस आहे, ईराला नेहमी लॉलीपॉप द्यायचा. त्याने बाटलीकडे पाहिलं, लेबल नाही हे पाहिलं, आणि म्हणाला, "डास गेट लायडर निष्ट."

"काय म्हणतो?" तुम्ही ईराला विचारलंत.

दहा वर्षांची ईरा म्हणाली, "गेट निष्ट, आजोबा. नो."

"अगं, बाटली उघडून द्यायचे पैसे घे म्हणावं. फुकट नको."

मालकाने परत मान हलवली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले होते. निखिल मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, प्लीज. ठेवा ती आत."

तुम्ही ठेवलीत, अगदी शांतपणे. मग म्हणालात, मला नुसतं पाणी पुरे, नळाचं. तेव्हा मला सांगावं लागलं की नळाचं पाणीही इथे सहसा देत नाहीत, बाटलीचं मागवावं लागतं. तुम्ही मोठ्याने हसलात. त्या संध्याकाळी हसणारे तुम्ही एकटेच होतात.

दुसऱ्या दिवशी मला होम ऑफिस होतं. मी लॅपटॉपवर, तुम्ही समोर शेंगा निवडत. तुम्ही बोलायला लागलात आणि मला पहिल्यांदा कळलं की हा विषय तुमच्या डोक्यात किती वर्षांपासून आहे. मेलबर्नला, तुम्ही म्हणालात, काही हॉटेलांच्या पाटीवरच लिहिलेलं असतं, आपली बाटली आणा. संध्याकाळी चांगले कपडे घातलेली माणसं कागदी पिशवीत बाटली घेऊन रांगेत उभी असतात आणि कोणाला त्याची लाज नसते. पेनांगला मासळीच्या एका हॉटेलात मालकीण बाटली हातातून घेऊन आधी बर्फात ठेवायची, मग तुम्हाला बसायला सांगायची. कोबेला मात्र आधी फोन करून विचारायचं. न विचारता नेलीत तर ते नाही म्हणणार नाहीत, पण त्यांचा चेहरा पडेल, आणि तो पडू देणं हा तुमचा दोष. मार्सेयला एका म्हाताऱ्याने तुमच्या चीफ इंजिनिअरची बाटली उघडली, स्वतःसाठी ग्लास आणला आणि टेबलावर येऊन बसला.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे हायवेच्या ढाब्यावर बाटली टेबलाखाली. सगळ्यांना दिसते, कोणी बघत नाही. म्हणजे नेता येते, दाखवता येत नाही. तुमच्या या देशात तर नेताच येत नाही."

मी म्हटलं, अप्पा, इथेही काही ठिकाणी चालतं, कॉर्कगेल्ट, म्हणजे तुमचं कॉर्केज, घेतात, पण आधी ठरवावं लागतं. आणि रेस्टॉरंटचं पोट पेयांवर भरतं, जेवणावर नाही. त्यांनी का परवानगी द्यावी?

"तू व्यवहार सांगतेस," तुम्ही म्हणालात. "मी रीत सांगतोय. पाहुणा काय घेऊन आलाय ते उघडून बघायचं की दारातच नाही म्हणायचं, हा प्रश्न आहे."

"गिऱ्हाईक आणि पाहुणा यात फरक असतो."

"कोण ठरवतं तो फरक?"

तो वाद आपला तीन वर्षं चालला. फोनवरसुद्धा. तुम्हाला कधी कुठे काही नवीन उदाहरण सापडलं की तुम्ही रविवारी फोन करून आधी तेच सांगायचात, तब्येतीचं नंतर. मी कधी हार मानली नाही, तुम्हीही नाही. खरं सांगायचं तर तुमच्या मुलाशीसुद्धा मी एवढं मोकळेपणाने भांडत नाही.

संध्याकाळी जेवणाआधी तुम्ही एक लहान ग्लास घ्यायचात. निखिल घेणार नाही, म्हणून दुसरा माझ्यासमोर ठेवायचात. सासऱ्यांनी ओतून दिलेली वाइन मी त्यांच्यासमोर बसून पिते, हे मी माझ्या आईला कधीच सांगू शकले नाही. तुम्ही बघत बसायचात. मी घोट घ्यायचे.

"कशी आहे?"

"छान आहे, अप्पा."

ती छान नव्हती. तिला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास यायचा आणि घशात व्हिनेगरसारखी टोचायची. पहिल्या वर्षीची, दुसऱ्या वर्षीची, तिसऱ्या वर्षीची, तिन्ही सारख्याच. मी प्रत्येक वेळी ग्लास संपवला.

दुसऱ्या वर्षी आपण म्युनिकला गेलो आणि तुम्हाला बिअरगार्टन बघायला मिळालं. चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकं, आणि शेजारच्या कुटुंबाने स्वतःच्या घरून आणलेली चौकडीची चादर अंथरून त्यावर चीज, मुळे, ब्रेड, काकड्या मांडल्या. मी सांगितलं की इथे ही जुनी पद्धत आहे, जेवण घरचं आणा, बिअर मात्र त्यांच्याकडूनच घ्या. तुम्ही पिशवीतून थालीपिठाचा डबा काढलात आणि कोणी काही म्हणतं का याची वाट बघितलीत. कोणी काही म्हणालं नाही. शेजारच्या बाईने उलट तुम्हाला मुळा दिला.

"आपल्याकडे पाटी असते," तुम्ही म्हणालात. "बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. आणि यांना डबा चालतो, बाटली चालत नाही. मेघना, ही माणसं वाईट नाहीत गं. फक्त यांची वेस दुसऱ्या ठिकाणी आहे."

तिसऱ्या वर्षी ते झालं जे मी लिहायला बसले आहे.

आमच्या इथे द्राक्षबागांची गावं आहेत. शरदात तिथला एखादा बागवाला आपल्याच कोठारात बाकं मांडतो आणि दारावर झाडू टांगतो. झाडू म्हणजे बेझन. झाडू दिसला की समजायचं, आज इथे घरची वाइन मिळेल. अशाच एका ठिकाणी मी तुम्हाला न सांगता फोन केला. कोबेचं तुमचं लक्षात होतं, आधी विचारायचं. फोन फ्राउ लोफ्लरने उचलला. मी म्हटलं, माझे सासरे भारतात एका फळाची वाइन करतात, आणि त्यांना ती एकदा रीतसर टेबलावर ठेवून जेवायचं आहे. ती बराच वेळ हसली. "म्हणजे वाइनवाल्याकडे वाइन घेऊन येणार?" मग म्हणाली, "या. पण माझा नवरा चव बघणार, ही अट."

निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "पुन्हा तेच? मी नाही येत. तुम्हाला काय करायचं ते करा." त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही. तेव्हा तुम्ही, मी आणि ईरा बसने गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात आणि बाटली मांडीवर धरली होतीत.

तिचे यजमान, हेर लोफ्लर, साधारण तुमच्याच वयाचे. त्यांनी तुमच्याशी हात मिळवला, बाटली उजेडात धरली, रंग बघून "श्योन" म्हणाले. तुम्हाला तो शब्द माहीत होता, सुंदर. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग त्यांनी ग्लासात थोडी ओतली, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा स्थिर झाला. एक घोट तोंडात फिरवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

"काय म्हणतात?" तुम्ही विचारलंत, त्यांनी अजून काही म्हटलंही नव्हतं.

ते ईराकडे वळून जर्मनमध्ये बोलले. फळ चांगलं आहे, असं फळ त्यांनी कधी चाखलं नाही. पण वाइन बिघडलेली आहे. हवा लागली आहे, आणि हे पहिल्यांदा झालेलं नसावं, कारण चूक करण्याच्या पद्धतीतली आहे. ही कोणी पिऊ नये.

मी ईराला हळूच जर्मनमध्ये म्हटलं, सांग, चांगली आहे म्हणतात.

ती बारा वर्षांची होती. मराठी सगळी कळते, पण घरात उत्तरं जर्मनमध्येच देते, तुम्हीही त्यावरून तिला चिडवायचात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान वळवावी लागली. मग तिने शब्द जुळवत जुळवत चक्क मराठीत सांगितलं, "आजोबा, ते म्हणतात, फळ खूप छान आहे. पण वाइन खराब झाली. हवा आत गेली. तुम्ही करता ते चुकते."

फ्राउ लोफ्लर ब्रेडची टोपली हातात घेऊन तिथेच थबकली. मला वाटलं, आता आपण उठून जायचं.

"विचार त्यांना," तुम्ही ईराला म्हणालात, "हवा कुठून गेली?"

पुढचे दोन तास मी बाकावर एकटी बसून कांद्याचा केक खाल्ला. तुम्ही तिघं खाली तळघरात गेलात. वर आलात तेव्हा तुमच्या हातात पाण्याने भरलेली एक वाकडी काचेची नळी होती, बरणीच्या बुचात बसवायची, आणि तुम्ही लहान मुलासारखे मला दाखवत होतात. "बघ! आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. अगं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे हा! आयुष्यभर मी हेच बसवत आलो आणि इथे कापड बांधून ठेवत होतो." हेर लोफ्लरनी तशा चार नळ्या तुम्हाला कागदात गुंडाळून दिल्या आणि म्हणाले, मे महिन्यात कधी या, वेलींना फूट येते तेव्हा. तुमच्या बाटलीतली उरलेली वाइन तुम्ही स्वतःच्या हाताने बादलीत ओतलीत.

परतीच्या बसमध्ये ईरा पुढे बसली. तुम्ही माझ्या शेजारी बसलात.

"तुला माहीत होतं," तुम्ही म्हणालात.

"हो."

"पहिल्या वर्षीपासून?"

"हो, अप्पा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग? दोन दिवस वाटलं असतं." तुम्ही नळ्यांची पुडी नीट धरलीत. "त्या माणसाला मी तासभर ओळखतो. त्याने मला घरच्यासारखं सांगितलं. तू तीन वर्षं मला पाहुण्यासारखं वागवलंस."

मी उतरायचं बटण दाबलं.

मुक्कामाचे उरलेले दिवस तुम्ही माझ्यासमोर ग्लास ठेवला नाहीत. पुढच्या वर्षी आला नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलंत. रविवारचे फोन चालू होते, पण त्यात मेलबर्न नव्हतं, कोबे नव्हतं. मी विचारायचे, कसे आहात? तुम्ही म्हणायचात, छान. जेवण झालं का? छान झालं. पाऊस कसा आहे? छान आहे. तुम्ही रागावलेले नव्हतात, तुम्ही माझीच पद्धत मला परत करत होतात. ती किती थंड असते, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या नोव्हेंबरात रत्नागिरीचा एक मुलगा कार्ल्सरूहेला पीएचडीला आला, त्याच्याबरोबर तुमचं पार्सल आलं. स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली. चिठ्ठी नाही. मी ती शनिवारी दुपारी उघडली. निखिल बाजूला उभा होता, त्याने नुसता वास घेतला आणि भुवया उंचावल्या. मी सावकाश अर्धा ग्लास प्यायले आणि तुम्हाला फोन लावला.

"मिळाली?" तुम्ही म्हणालात.

"मिळाली. तो वास गेलाय. टोचत नाही."

"मग?"

"गोड फार आहे. सरबत वाटतं. आणि शेवटी तुरटपणा राहतो, तो मला नाही आवडला."

मग तुम्ही सुरू झालात. गोड? तुला गोडाचं काय कळतं, तू चहात दीड चमचा घेतेस! जांभळाला तुरटपणा नाही तर काय असणार, ते काय द्राक्ष आहे? साखर कमी घातली तर ती टिकणार कशी? मी म्हटलं, लोफ्लरना विचारा. तुम्ही म्हणालात, त्यांनी जांभूळ बघितलंय का कधी? बराच वेळ आपण तावातावाने भांडलो. मध्येच तुम्ही मेलबर्नवर गेलात आणि मी पुन्हा सांगितलं की गिऱ्हाईक आणि पाहुणा यात फरक असतो. मधल्या वेळात बाहेर गेलेला निखिल आत आला, आमचं ऐकलं आणि परत बाहेर गेला. हसत होता.

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "मेघना, एक विचारू? आणखी कशाकशाला छान म्हणालीयस?"

मी म्हटलं, एक गोष्ट आहे. फोनवर नको. लोफ्लरनी बोलावलंय तसे मेमध्ये येताय ना, समोर बसून सांगते.

"बरं," तुम्ही म्हणालात.

फेब्रुवारीत एका सकाळी दूधवाल्याने दोनदा हाक मारली आणि दार उघडलं नाही. काकांना बोलावून कडी काढली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. सगळे म्हणाले, भाग्यवान. पण घरात दुसरं कोणी नव्हतं, अप्पा, म्हणून तुम्ही कसे गेलात हे खरं म्हणजे कोणालाच माहीत नाही.

ती गोष्ट अशी. दुसऱ्या वर्षी, म्युनिकहून आल्यानंतर, एका सकाळी तुम्ही चहा घेता घेता मला विचारलंत, "मी इथेच राहिलो तर?" सहज विचारलंत, पण आधी निखिलशी बोलला होतात, ते मला नंतर कळलं. परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेह्योर्डमध्ये, चौकशी करायला तो तयार होता. परवानगी मिळाली असती की नाही, ठाऊक नाही. विचारून तरी पाहता आलं असतं. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "छान होईल की, अप्पा." तुम्ही चहा संपवलात. मग म्हणालात, "नको, तिकडे झाडांना पाणी कोण घालणार," आणि कप धुवायला उठलात. तो विषय पुन्हा निघाला नाही. निखिलने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, अप्पांनाच नकोय.

मला तुम्ही इथे कायमचे नको होतात. तुमचा राग नव्हता, त्रासही नव्हता. दर वर्षी तुमच्या व्हिसाचे तीन महिने मी आनंदाने भांडत होते, कारण तीन महिन्यांनी तुम्ही जाणार हे मला माहीत होतं. ही तीन खोल्यांची जागा आहे, माझी नोकरी आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं असं एक घर होतं जिथे कोणी मोठं माणूस बसलेलं नव्हतं. हे मी तेव्हा सरळ सांगितलं असतं तर तुम्हाला दोन दिवस वाईट वाटलं असतं. मग तुम्ही "का?" म्हणून विचारलं असतंत, मी उत्तर दिलं असतं, तुम्ही ते खोडून काढलं असतंत. कदाचित मी ऐकलं नसतं. कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही आज विचारलंत तर माझं उत्तर बदललं आहे, असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला खोटं वाटेल, आणि ते खोटंच असेल.

पण हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यासाठी मी मे महिन्यात दोन आठवड्यांची रजा टाकली होती. ऑफिसमधून परवा विचारणा झाली, आता ती रजा लागणार आहे का? मी त्यांना अजून कळवलेलं नाही.

मेघना